शेगडी बघायला

ग्रॅच्युइटी जमा झाली त्या सोमवारी मी म्हणालो,
चल, नवीन शेगडी घेऊ.
कोकिळा म्हणाली, जुनीला काय झालंय?

जुनीचं डावं बटण वितळून बोराएवढं झालं होतं,
मधला बर्नर तिरका जळायचा,
चौथा पाय म्हणून कसल्याशा डब्याचं झाकण.
हे सगळं मला त्या सोमवारीच दिसलं.
सातपूरला एकतीस वर्षं मी नोझल तपासली,
केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळायचा.

मी टेप घेऊन ओटा मोजला. सत्तावीस बाय सोळा.
वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.
तिने काही मोजलं नाही.
माळ्यावरून खापर काढलं,
जुन्या चादरीत गुंडाळलं
आणि सिडकोपासून शालिमारपर्यंत रिक्षात
मांडीवर धरून बसली,
तापलेलं मूल दवाखान्यात न्यावं तशी.
खड्डा आला की हात आधी खापराखाली.

दुकानात एसी. काचेच्या शेगड्या ओळीने,
काळ्या, चकचकीत,
एकीवर तर द्राक्षांचा घोस छापलेला.
तौसिफ नावाचा पोरगा, नुकतीच फुटलेली दाढी:
ऑटो इग्निशन आहे आंटी, काडीची गरजच नाही,
काच अशी की वर उभ्या राहिलात तरी...
‘उभी कशाला राहू?’ म्हणाली
आणि चादरीची गाठ सोडली.

खापर पालथं ठेवलं. डुगडुगलं.
दुसरीवर ठेवलं. बसलं.
तिने काचेला टिचकी मारली, ऐकलं,
म्हणाली, दहा मांडे होईपर्यंत ही टिकायची नाही.
तौसिफने मांडे कधी पाहिले नव्हते.
मग तिने हवेतच करून दाखवला:
पुरण भरलेला उंडा, थोडा लाटलेला,
मग मनगटांवरून कोपरांवर
झुलवत, वाढवत,
नसलेली पोळी
रुमालाएवढी, उपरण्याएवढी,
आणि अलगद खापरावर सोडली.
गल्ल्यावरचा माणूस नोटा मोजायचा थांबला.

घरात माणसं किती?
दोन, मी म्हणालो.
दोन, तीही म्हणाली. आणि जरा वेळाने,
‘आखाजीला चौदा.’

‘पेटवून दाखव.’
दुकानात गॅस नसतो, आंटी.
‘माय वं! मग मी काय बघू, पत्रा?’

तौसिफने साहेबाकडे बघितलं, साहेबाने छताकडे.
पोराने तीन बर्नरची साधी, स्टीलची उचलली
आणि रस्ता ओलांडून गेला समोरच्या चहावाल्याकडे.
चहावाला कुरकुरला, पण नळी काढून दिली.
भर दुपार, एप्रिल. उन्हात ज्योत दिसेना.
मी वाकलो, चष्मा पुसला,
निळी की पिवळी, शोधत राहिलो.
ती उभीच होती. फक्त मान कलती केली.
मागे बसचा हॉर्न, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं,
चहावाल्याची किटली.
‘डावा फरफरतोय,’ म्हणाली. ‘मधला नीट बोलतो.’

जेट म्हणजे शेवटी नोझलच. मी डावं खोलून बघितलं.
आत पॅकिंगचा एक धागा. केसाएवढा.
तौसिफ माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो,
दुसरं करणार काय.

तीच घेतली. बावन्नशेची, काडीने पेटणारी.

घरी येऊन तिने जुनी शेगडी घासली,
भंगारात जायची होती तरी, दोनदा.
नवीन मी जोडली, नळीला साबणाचा फेस लावला,
बुडबुडा नाही. यात मला कुणी हरवत नाही.
‘आता चहाही ठेवा,’ म्हणाली
आणि बाहेर खुर्चीत पाय वर घेऊन बसली.
कुठल्या बर्नरवर?
‘शेगडी तुम्ही आणली, तुम्हीच विचारा तिला.’

मधल्यावर ठेवलं. आधण आलं, पत्ती टाकली, दूध टाकलं.
कडेने फेस चढू लागला.
‘बारीक करा,’ बाहेरून आवाज, न बघता.
मी बटण फिरवलं.

मोठी झाली.